लहान मुलांना घेऊन मे महिन्यात माथेरान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. मुलं सहा महिने ते आठ वर्षांची धरली आहेत. गाड्यांचे, घोड्यांचे, हॉटेलांचे दर मुद्दाम दिलेले नाहीत. ते दर हंगामात बदलतात, आणि जुना दर वाचून गेलेला माणूस तिथे जाऊन फक्त भांडतो.

माथेरानच का? महाबळेश्वर जास्त थंड नाही का?

थंड आहेच. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटर उंचीवर, माथेरान ८०० मीटरच्या आसपास. एवढा फरक हवेत जाणवणारच. पण लहान मुलांच्या दृष्टीने माथेरानची खरी मिजास वेगळी आहे: तिथे मोटारगाडी नाही. चार वर्षांचं पोर रस्त्याच्या कडेला फतकल मारून माती उकरत बसलंय आणि आई ‘बाजूला हो, गाडी आली’ म्हणून ओरडत नाही, हे मुंबई-पुण्याच्या मुलांच्या वाट्याला कुठे येतं?

त्याची किंमतही मोजावी लागते. सामान, झोपलेलं मूल, गुडघे दुखणारी आजी, हे सगळं शेवटच्या तीनेक किलोमीटरला तुमच्या अंगावर येतं. खालचे निम्मे प्रश्न त्या तीन किलोमीटरचेच आहेत.

खरंच एकही गाडी वर जात नाही? आमची स्वतःची कार आहे.

कार दस्तुरी नाक्यापर्यंत जाते. तिथे वाहनतळ आहे, तिथेच नगरपरिषदेचा प्रवासी कर भरायचा आणि पुढे कारला विसरायचं. माथेरानचा परिसर केंद्र सरकारने २००३ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, पण वाहनबंदी त्याच्या कितीतरी आधीपासूनची आहे. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर ओळखीपाळखीने गाडी आत जात नाही. अलीकडे ई-रिक्षा आल्या आहेत, त्यांच्याबद्दल खाली सामानाच्या उत्तरात लिहिलं आहे.

शनिवारी सकाळी अकरानंतर पोहोचणार असाल तर वाहनतळ भरलेला असू शकतो आणि घाटातच रांग लागते. पायथ्याच्या नेरळहून वरचा रस्ता चढणीचा आणि वळणांचा आहे. घाटात गाडी चालवायची सवय नसेल तर कार नेरळलाच ठेवून टॅक्सीने जा. चढावर गाडी बंद पडून मागे घरंगळायला लागली की मागच्या सीटवरच्या मुलांपेक्षा पुढच्या सीटवरच्या बायकोची भीती जास्त असते.

मुंबईहून आणि पुण्याहून मुलांना घेऊन सोयीचा मार्ग कोणता?

मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल पकडून नेरळला उतरा. सकाळी त्या दिशेला गर्दी कमी असते, मुलांना खिडकी मिळते. पुण्याहून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी गाडी पकडावी आणि तिथून मुंबईच्या दिशेची लोकल घ्यावी. मध्ये फक्त भिवपुरी रोड लागतं, मग नेरळ. लांब पल्ल्याची गाडी नेरळला थांबेल असं गृहीत धरू नका.

नेरळ स्टेशनबाहेर दस्तुरीच्या टॅक्सी मिळतात. माणशी भाडं देऊन इतरांबरोबर जाता येतं किंवा अख्खी गाडी करता येते. दोन मुलं आणि तीन बॅगा असतील तर अख्खी करा. परक्या माणसांबरोबर कोंबून बसलेलं मूल घाटात ओकलं की सगळ्यांचीच पंचाईत.

टॉय ट्रेन नेरळपासून घ्यावी का? मुलीने हट्टच धरलाय.

हट्ट रास्त आहे. दोन फूट रुंदीचे रूळ आणि सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने पैसा उभा करून बांधलेली ही रेल्वे १९०७ पासूनची आहे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशनं घेत ती डोंगराला वळसे घालत चढते. मध्ये एक छोटा बोगदा आहे, त्याचं नाव ‘वन किस’. आईवडील ते नाव मुलांना का सांगत नाहीत, हे मुलं मोठी झाल्यावर आपोआप कळतं.

पण पूर्ण प्रवासाला दोन तासांहून जास्त वेळ लागतो, बाकं अरुंद असतात आणि डब्यात शौचालयाची अपेक्षा ठेवू नका. मे महिन्यात डबाही तापतो. पाच वर्षांवरचं, गाड्यांचं वेड असलेलं मूल दोन तास खिडकीला चिकटून बसतं. तीन वर्षांचं मूल पहिली पंधरा मिनिटं खूश असतं आणि उरलेला वेळ तुमच्या मांडीवर, खांद्यावर, डोक्यावर. त्यांच्यासाठी दस्तुरीजवळच्या अमन लॉजपासून माथेरानपर्यंतची शटल पुरते. गाडी तीच, रूळ तेच, आणि रडायला लागायच्या आत स्टेशन येतं.

नेरळहून फेऱ्या मोजक्या असतात आणि तिकिटासाठी खिडकीवर आधीपासून रांग लागते. घरातल्या एकाने रांग धरायची, दुसऱ्याने मुलं. गाडी मिळाली नाही तर टॅक्सीने दस्तुरी गाठायची, असं मुलीला घरून निघतानाच सांगून ठेवा.

मे महिन्यात तिथे खरंच गारवा असतो का?

सकाळी आणि संध्याकाळी, हो. दुपारी ऊन ते ऊनच. मुंबईचा घामट चिकचिकाट नसतो आणि झाडांची सावली दाट असते, म्हणून बरं वाटतं. ‘थंड हवेचं ठिकाण’ वाचून स्वेटरांनी बॅग भरणारे दरवर्षी भेटतात. मुलाला पहाटेसाठी एक पूर्ण बाह्यांचा पातळ सदरा पुरतो.

दिवसाची आखणी उन्हावर करा. सकाळी साडेसहाला बाहेर पडा, दहाच्या आत परत या. अकरा ते चार खोलीत, व्हरांड्यात, झोपाळ्यावर किंवा पत्त्यांत घालवा. चारनंतर पुन्हा बाहेर. दुपारी बारा वाजता मुलांना कड्याच्या टोकाला उभं करून फोटो काढणाऱ्यांची दया येते, आईबापांची नव्हे, मुलांची.

उंचीमुळे बाळाला त्रास होईल का? विरळ हवा वगैरे?

नाही. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. तो लेह-लडाखला जाणाऱ्यांचा प्रश्न. इथे फार तर घाट चढताना कानांत दडे बसतील. तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर पाजा, मोठ्या मुलाला पाण्याचे घोट द्या. गिळलं की कान मोकळे होतात.

घाटात उलटी होतेच. काय करावं?

निघण्याआधी तासभर पोटभर खायला घालू नका, पण उपाशीही नेऊ नका. पोळीचा तुकडा किंवा बिस्कीट चालेल, दूध नको. मोबाइल काढून घ्या. खाली बघत कार्टून पाहणं हे उलटीचं सगळ्यात खात्रीचं कारण. खिडकी उघडी ठेवा आणि लांबचा डोंगर बघायला सांगा. औषध द्यायचं तर घरून निघण्याआधी आपल्या बालरोगतज्ज्ञांना वय आणि वजन सांगून विचारा. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नातवाला दिलेली गोळी आपल्या मुलाला नको. आणि दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताशी असू द्या, बॅगेच्या तळाशी नव्हे.

दस्तुरीपासून हॉटेलपर्यंत मुलं आणि सामान कसं न्यायचं?

मार्ग चार, आणि बहुतेक कुटुंबं दोन एकत्र करतात.

शटल ट्रेन: दस्तुरीपासून थोडं चालून अमन लॉज स्टेशन लागतं, तिथून गाडी थेट बाजारातल्या माथेरान स्टेशनात. वेळापत्रक आधी पाहा. गाडी नुकतीच गेली असेल तर पुढचीसाठी थांबण्यात दमलेली मुलं हाताबाहेर जातात.

ई-रिक्षा: २०२२ च्या अखेरीस प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. आजी-आजोबा किंवा तान्हं बाळ बरोबर असेल तर हाच सगळ्यात सोपा पर्याय. संख्या कमी असल्याने सुट्टीत रांग लागते.

घोडा: याचं उत्तर खाली वेगळं दिलं आहे.

पायी: अडीच-तीन किलोमीटर, बराचसा सावलीतला लाल मातीचा रस्ता. मोठ्या माणसाला पाऊण तास. पाच वर्षांच्या मुलाबरोबर सव्वा तास धरा, कारण वाटेत प्रत्येक दगड, मुंगी आणि घोड्याची लीद थांबून बघायची असते.

सामानासाठी हमाल करा. त्यात काटकसर करू नका. पायथ्याच्या वाड्या-गावांतली माणसं, त्यांत बायकाही पुष्कळ, डोक्यावर बॅगा घेऊन तुमच्या आधी हॉटेलात पोहोचतात. भाडं आधी ठरवा. पाण्याची बाटली, डायपर, औषधं आणि एक जोडी कपडे मात्र आपल्या खांद्यावरच ठेवा.

हातरिक्षात बसावं का?

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवली, सहा महिन्यांत ती बंद करण्याचा आदेश दिला आणि हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची योजना आखायला सांगितलं. तेव्हा हा प्रश्न आता निकालात निघायला हवा. न्यायालयाने सांगितलं नसतं तरी धडधाकट माणसांनी माणसाने ओढलेल्या गाडीत बसून मुलांना काय शिकवायचं, हा विचार होताच.

बाबागाडी न्यावी का?

नको. बाजाराजवळचा काही भाग सोडला तर दगड, मुळं आणि भुसभुशीत माती. बाबागाडीची चाकं रुततात आणि शेवटी मूल एका हातात, गाडी दुसऱ्या हातात अशी मिरवणूक निघते. दोन वर्षांखालच्या मुलासाठी पाठीवर किंवा पोटाशी बांधायची कापडी झोळी घ्या. बाहेरून आणलेली बेबी कॅरियर असेल तर ती घरी दोन-चार संध्याकाळी वापरून बघा. मुलाला तिची सवय लागायला हवी, आणि बाबांच्या पाठीलाही.

मुलाला घोड्यावर कोणत्या वयात बसवावं?

स्वतःच्या हाताने खोगिराची मूठ घट्ट धरून बसता येतं आणि ‘धरून ठेव’ म्हटल्यावर ऐकतं, तेव्हा. बहुतेक मुलांच्या बाबतीत हे पाच-सहा वर्षांच्या पुढे. त्याहून लहान मुलाला मोठ्या माणसाच्या पुढ्यात बसवून नेतात, पण त्या मोठ्या माणसाला स्वतःला घोड्यावर बसता येत नसेल तर दोघंही पडतात.

घोडेवाल्याला आधी स्पष्ट सांगा: घोडा चालवतच न्यायचा, पळवायचा नाही, लगाम सतत हातात हवा. एकाच माणसाने तीन घोडे धरलेले दिसले तर बसू नका. हेल्मेट मागा. सायकलचं हेल्मेट घरी असेल तर तेच बरोबर न्या, मापाचं तरी असतं. रिकीब मुलाच्या पायाला पोहोचत नसेल तर पट्टा आखूड करायला लावा. नुसते लोंबकळणारे पाय म्हणजे तोल जायची तयारी.

आणि घोड्याच्या मागून जायचं नाही, हे मुलांना पहिल्या दिवशीच सांगा. मोटार नसलेल्या गावातली तीच एक वाहतूक आहे.

हॉटेल निवडताना काय बघावं?

सगळ्यात आधी अंतर. फोन करून विचारा: ‘माथेरान स्टेशनपासून चालत किती मिनिटं?’ मग विचारा: ‘पाच वर्षांच्या मुलाबरोबर किती?’ दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवा. दरीच्या काठावरची जुनी बंगलेवजा हॉटेलं फोटोत सुरेख दिसतात, पण रात्री दूध लागलं तर बाजार लांब. फारच लहान मूल असेल तर अमन लॉजजवळ पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे. शेवटच्या तीन किलोमीटरची कटकट तिथे बरीच टळते, मात्र मग बाजार आणि पॉइंट लांब पडतात.

व्हरांड्याला किंवा गच्चीला कठडा आहे का आणि खिडक्यांना जाळी आहे का, हेही विचारा. दुसरा प्रश्न माकडांसाठी. पोहण्याचा तलाव असला तर त्यात मुलांसाठी वेगळा उथळ भाग आहे का, तेही.

जेवणाचं काय? आमचं मूल फक्त वरणभात खातं.

मग चिंता नाही. बरीच हॉटेलं नाश्ता-जेवणासकट दर लावतात आणि पुष्कळ ठिकाणी गुजराती पद्धतीचं शाकाहारी जेवण असतं, थोडं गोडसर. वरणभात, साधी पोळी, ताक कुठेही मिळतं. तिखट कमी हवं असेल तर सकाळीच स्वयंपाकघरात सांगा, ताटावर बसल्यावर नव्हे. तान्ह्या बाळासाठी पेज, नाचणीसत्त्व घरचंच न्या आणि गरम पाणी मागून घ्या. उकळलेलं मागा, कोमट नव्हे.

बाजारातल्या तीन गोष्टींबद्दल सावध राहा. मध: एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, आणि आजी कितीही आग्रह करोत, मध शुद्ध असण्याचा इथे काही संबंध नाही. चिक्की: शेंगदाण्याचा कडक तुकडा चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो, मऊ फज द्या. जांभळं: बी काढून द्या. करवंदं मात्र मनसोक्त खाऊ द्या, पानाच्या द्रोणात विकायला येतात. चिकाने ओठ चिकट होतात एवढंच, आणि कोणाचं करवंद कोंबडा निघालं, कोणाचं कोंबडी, यात अर्धा तास जातो.

माकडं मुलांच्या अंगावर येतात का?

खाणं दिसलं तर येतात. अमन लॉज स्टेशन आणि बाजार इथे जास्त. मुलाच्या हातात वेफर्सचं पाकीट किंवा आइस्क्रीम देऊन चालायचं नाही, बस्स. माकडाने पिशवी धरलीच तर सोडून द्या, ओढाताण करू नका. दात दाखवून हसू नका, डोळ्यांत रोखून बघू नका, त्याला ते आव्हान वाटतं. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ‘थोडंसंच खरचटलंय’ म्हणून थांबू नका.

कोणते पॉइंट मुलांना घेऊन करावेत?

सगळे नव्हेत. घोडेवाल्याकडे पॉइंटांची लांबलचक यादी असते आणि ती संपवण्याच्या नादात मुलं रडकुंडीला येतात. एका बाजूची एक सकाळ पुरते: शार्लोट लेक, शेजारचं पिसारनाथाचं मंदिर, पुढे लॉर्ड आणि एको पॉइंट. एकोला मुलं आपल्या नावाने ओरडत बसतात, तिथे वेळ राखून ठेवा. शार्लोटचं पाणी गावाला प्यायला जातं, त्यात पाय बुडवायचे नाहीत. दुसऱ्या सकाळी लुईझा पॉइंट, तिथून प्रबळगडाचा डोंगर दिसतो. संध्याकाळी बाजाराजवळचं उद्यान. पॅनोरमाचा सूर्योदय लांबचा आहे, तो मुलं दहा वर्षांची झाल्यावर.

कठड्यांवर भिस्त ठेवू नका. बऱ्याच ठिकाणी ते नाहीत, आणि जांभ्या दगडावरची बारीक खडी घसरते. टोकापासून दहा पावलांवर सगळ्यांनी खाली बसायचं, असा नियम केला की मुलंही पाळतात.

रात्री मूल आजारी पडलं तर? विंचू, साप?

गावात नगरपरिषदेचं रुग्णालय आहे, औषधांची दुकानंही आहेत. ताप, जुलाब, खरचटणं इथवर ठीक. त्यापुढे नेरळ, कर्जत किंवा पनवेल. हॉटेलात पोहोचल्यावर रुग्णालयाचा आणि रुग्णवाहिकेचा नंबर काउंटरवरून लिहून घ्या. मोबाइलची रेंज सगळीकडे सारखी नसते. जलसंजीवनीची पाकिटं बरोबर ठेवा, आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात विरघळवा, अंदाजाने नव्हे.

विंचवाचं हलक्यावर घेऊ नका. कोकणपट्टीतला लाल विंचू लहान मुलांच्या जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून दगावण्याचं प्रमाण खूप घटलं, पण औषध वेळेत मिळायला हवं. विंचू चावल्यावर मुलाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, रुग्णालय गाठा. साप चावला तर लक्षणांची वाटही पाहायची नाही. सकाळी बूट झटकून घाला, मुलांना दगड उलटू देऊ नका, अंधारात टॉर्चशिवाय चालू नका.

मुलाला दमा आहे. लाल माती चालेल का?

मे महिन्यात धूळ खूप असते, घोड्यांच्या रहदारीने ती दिवसभर उडते. पंप आणि स्पेसर हातातल्या पिशवीत ठेवा. डॉक्टरांना विचारूनच जा. शनिवार-रविवार टाळा आणि बाजारापासून थोडी आतली खोली घ्या (हॉटेलच्या उत्तरातल्या सल्ल्याच्या उलट, पण इथे कारण वेगळं आहे).

मे अखेरीस गेलो आणि पाऊस आला तर?

येतो. वळवाच्या सरी तर असतातच, आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला होता. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद ठेवतात, शटल चालू असते. म्हणून टॉय ट्रेनसाठीच जात असाल तर मे महिन्याचा पहिला पंधरवडा गाठा. एक सर पडली की धूळ बसते आणि सगळं माथेरान मऊ लाल चिखल होतं. मुलांसाठी ही पर्वणी. कपडे गडद रंगाचे न्या, पांढरे मोजे कायमचे गुलाबी होतात.

किती दिवस राहावं आणि परत कधी निघावं?

दोन रात्री कमीत कमी, तीन उत्तम. एका रात्रीत मुलं फक्त प्रवास करतात. जमलं तर सोमवार ते गुरुवार जा. रविवारी निघायचंच असेल तर सकाळच्या चहानंतर लगेच निघा. दुपारी चार ते सात दस्तुरीवर टॅक्सीची रांग, घाटात गाड्यांची रांग आणि नेरळला लोकलची गर्दी असं तिहेरी संकट असतं.

आम्ही रात्री नऊला पोहोचतोय. चालेल ना?

मुलं बरोबर असताना नको. शटलच्या फेऱ्या तोवर संपलेल्या असतात, हमाल-घोडे विरळ होतात आणि पुढचा रस्ता अंधारा. उशीर अटळ असेल तर ती रात्र नेरळ किंवा कर्जतला काढा आणि सकाळी ताजेतवाने वर जा. हॉटेलला फोन करून तसं कळवा. एका रात्रीचे पैसे बहुधा जातील, जाऊ द्या.